‘चिवट कुटुंबांना मदत कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय कुटुंबांबद्दल कोविडपासून एक दावा फिरतो आहे: ही माणसं एकमेकांना धरून असतात, दुखणं घरातच निभावतात, त्यांना वेगळी मदत लागत नव्हती, मृत्यू जास्त झाले ते त्यांच्या रक्तातच दोष असल्यामुळे.

आधी रक्ताचं बघू. पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेव्हाच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या जून 2020 च्या अहवालात वय, लिंग, प्रदेश आणि वस्तीची गरिबी हिशेबात धरूनही बांगलादेशी वंशाच्या लोकांना मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट होता. हाच आकडा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण त्या आकडेमोडीत व्यवसाय आणि आधीचे आजार धरलेच नव्हते. पुढे दुसऱ्या लाटेत कृष्णवर्णीयांचा जादा धोका बराच घटला, बांगलादेशी-पाकिस्तानी लोकांचा नाही. काही महिन्यांत जनुकं बदलत नसतात.

एकत्र राहण्याचा आधार खराच. पण 2016 ते 2019 च्या पाहणीत इंग्लंडमधली 24 टक्के बांगलादेशी कुटुंबं दाटीवाटीच्या घरात राहत होती. गोरी ब्रिटिश 2 टक्के. अशा घरात रुग्णाला वेगळी खोली कुठून देणार? बाथरूम त्याने सर्वांत शेवटी वापरायचं, मग ते पुसून खिडकी उघडी ठेवायची, एवढंच हातात उरतं.

त्यातून कामावर जाणं थांबवायचं तर पगाराचा प्रश्न. 2020 मध्ये ताशी 8.72 पौंडांच्या किमान वेतनावर आठवड्यात 40 तास राबणाऱ्याला आठवड्याला 348.80 पौंड मिळत. कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता होता आठवड्याला 95.85. आठवड्याची कमाई 120 पौंडांपेक्षा कमी असेल तर तेव्हा तोही मिळत नसे. सप्टेंबरअखेर विलगीकरणात राहावं लागणाऱ्यांसाठी आलेली 500 पौंडांची मदत मुळात सरकारी भत्ते घेणाऱ्यांसाठी होती. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ची, म्हणजे सरकारी भत्ते न मिळण्याची, अट असलेल्यांना ते भत्तेच बंद. त्यांची भिस्त होती कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, मर्जीवर. याला चिवटपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

दुखणं अंगावर काढण्याचं कौतुक तर घातकच. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. नेलपॉलिश काढा, हात गरम करा, पाच मिनिटं बसा, आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा आणि दिवसातून तीनदा लिहून ठेवा. एका आकड्यापेक्षा घसरण बघा. 93-94 टक्के आला तर सरकारी आरोग्य सल्ल्याच्या 111 वर फोन, 92 किंवा खाली गेला तर आणीबाणीच्या 999 वर. निळसर झाक सावळ्या त्वचेवर चटकन दिसत नाही. जीभ, ओठांची आतली बाजू, तळहात तपासा. धाप लागून वाक्य पुरं होत नसेल, तर आकडा चांगला असला तरी 999 लावा.