घर पडल्याशिवाय पैसे नाहीत!

गावातल्या मोडक्या घरांच्या दुरुस्तीसाठी आमच्या संस्थेने सरकारकडे पैसे मागितले होते. तो प्रस्ताव परत आला. शेरा एका ओळीचा: ‘दुरुस्तीकरिता लेखाशीर्ष उपलब्ध नाही, सबब प्रस्ताव परत.’ म्हणजे सरकारी हिशोबात दुरुस्तीच्या खर्चाचं खातंच नाही. अहो, हे पहिल्याच दिवशी टेबलावर सांगता येत नव्हतं? विश्वस्तांचा ठराव मागितला, दिला. ऑडिट, दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलचा नोंदणी क्रमांक, ग्रामसभेचा ठराव, प्रत्येक घराचा ग्रामपंचायतीतला नमुना आठचा उतारा, सगळं साक्षांकित करून दिलं. मग म्हणे अंदाजपत्रकावर अभियंत्याची सही हवी. एका आजींच्या छपराचे सहा पत्रे आणि चार वासे बदलायचेत, त्याला अभियंता! तीही सही आणली. आणि आता सबब!

त्या आजींच्या घराचं आढं वाळवीने इतकं पोखरलंय की बोट दाबलं तर आत जातं. पत्र्याचे हूक गंजून सुटलेत. वारा सुटला की पत्रा उचलतो आणि आजी आतून दोरी ओढून धरतात. दोन दिवसांचं सुतारकाम आहे हो!

वर सल्ला काय, तर घरकुल मागा. प्रधानमंत्री आवास ग्रामीणचे सपाट भागात 1,20,000 आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये मिळतात ते नवं घर बांधायला. त्यात आजींची एक भिंत विटांची, म्हणजे पक्की, म्हणजे यादीतून बाद. जुन्या इंदिरा आवासमध्ये निदान कच्चं घर सुधारायला 15,000 मिळायचे. 2016 मध्ये नवी योजना आली आणि तेही गेलं.

आपत्तीच्या मदतीचं तर बोलूच नका. 2022 च्या केंद्रीय निकषांत निदान 15 टक्के पडझड झाली तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000. तेही वादळ, पूर, अतिवृष्टी अशी आपत्ती असेल तर. वाळवी आपत्तीत बसत नाही. घर पुरतं जमीनदोस्त झालं की मात्र तेच सरकार 1,20,000 द्यायला तयार! उभं घर उभं ठेवायला त्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही. हा कसला हिशोब? छपराखाली माणूस राहतं, हे निकष लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही का?

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधीही तसाच. बदललेला वासा फोटोत दिसत नाही, नावाची पाटी लावायला जागा नाही, म्हणून त्यांना शाळेचे बाक द्यायचे असतात. आणि चुकून कुठून सरकारी पैसा आलाच तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, ३१ तारखेच्या आत खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्या म्हणून. ही घाई माझ्या डोक्यात जाते.

लेखाशीर्ष नाही, तर उघडा ना! घरकुलाच्या निधीतला एक वाटा दुरुस्तीला ठेवा. छोट्या कामाला ग्रामपंचायतीची सही पुरे करा. आणि पैसे एप्रिलमध्येच द्या. जूनमध्ये ओल्या छपरावर सुतार चढत नाही.