गोगलगायीवर शिकारी गोगलगाय? आधी हे वाचा

2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, कित्येकांवर दुबार पेरणी आली. आता मेसेज फिरतोय : ‘गोगलगाय खाणारी परदेशी गोगलगाय आणून सोडा, शिकार संपली की तीही मरेल. तोवर बदकं सोडा. औषधाची गरजच नाही.’

‘ती शंखीलाच खाईल’ : आपली शंखी मूळची आफ्रिकन. हवाईत 1955 साली तिच्यासाठीच गुलाबी शिकारी गोगलगाय सोडली होती. ती चिकट मागावरून सावज गाठते खरं, पण लहान आणि सोपं मिळेल त्यावर आधी तुटून पडते. शंखी टिकली, तिथल्या देशी गोगलगायींचा मात्र फडशा पडला. प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटावर ती 1977 ला सोडली. दहा वर्षांत तिथल्या पार्टुला नावाच्या देशी गोगलगायी रानातून नाहीशा झाल्या.

‘शिकार संपली की मरेल’ : मरत नाही, दुसरं भक्ष्य शोधते. एकदा सुटली की परत गोळा करता येत नाही. मुंगसाचंही असंच झालं. आपल्याकडून नेलेली मुंगसं 1872 ला जमैकात उसातल्या उंदरांसाठी सोडली. मुंगूस दिवसा फिरणारं, उंदीर रात्री. मुंगसानं पक्षी, सरडे आणि कोंबड्याही धरल्या.

बदकांचंही तेच. शंखी रात्री निघते, तेव्हा बदकं खुराड्यात. छोटी पिल्लं ती खातील, पण मोठी, टणक शंखाची गोगलगाय त्यांना गिळवत नाही. शिवाय कोवळी रोपं तुडवली जातात.

‘औषधाची गरजच नाही’ : हे अर्धं खरं, कारण मुख्य काम वेचण्याचंच. पहिल्या पावसापासून संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले बारदाने धुऱ्यालगत अंथरा. पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा (त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात), मिठाच्या पाण्यात मारून खड्ड्यात चुना टाकून पुरा. ते पाणी शेतात ओतू नका. प्रत्येक शंखी नर-मादी दोन्ही असते, म्हणून सगळ्याच अंडी घालतात. धुऱ्याच्या भुसभुशीत मातीत साबुदाण्यासारखे पुंजके दिसले की नष्ट करा. कडेनं 10 सेंमी रुंद चुन्याचा पट्टा ओढा. पावसानं धुपला की पुन्हा टाका. तरीही आटोक्यात नसेल तर मेटाल्डिहाईडच्या (गोगलगाय मारणारं औषध) गोळ्या एकरी 2 किलो टाका. त्या कुत्र्या-कोंबड्यांना आणि बदकांनाही विषारी आहेत. मेसेज वाचून बदकं सोडलेल्या शेतात त्या टाकूच नका.

आणि शेजाऱ्यालाही त्याच संध्याकाळी बारदाने टाकायला सांगा. धुरा दोघांचा असतो, एकानंच वेचलं तर चार दिवसांत पलीकडून पुन्हा येतात.