विषय : दरवाढीबाबत

मिसळीच्या हॉटेलात तिसऱ्यांदा ‘कट आणा’ म्हणून ओरडताना मला कधी लाज वाटलेली नाही. कट मागितल्याशिवाय येत नाही आणि मागितला की येतोच, हे कोल्हापुरातल्या पोराला शाळेत घालायच्या आधी कळतं. मग हाच माणूस एका जागी इतकी वर्षं राबून ‘पगार वाढव’ एवढे दोन शब्द का बोलू शकत नाही, असा प्रश्न आमच्या हिनं विचारला. उत्तर सोपं आहे. हॉटेलवाला माझ्या वर्गात नव्हता. मालक होता. शेवटून दुसऱ्या बाकावर, माझ्या डाव्या बाजूला.

उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. ‘आमचं’ हा शब्दच सगळ्या घोटाळ्याचं मूळ. शॉप त्याचं, मशिनं बँकेची, आणि मी तिथं कोटेशनं, बिलं, जीएसटी आणि लाइट गेली की वायरमनची मनधरणी एवढं सांभाळतो. 2018 मध्ये रंकाळ्यावर कणीस खाता खाता तो म्हणाला, “मर्दा, दुसऱ्याकडं कशाला मरालाईस? आपलंच हाय की, ये.” आता ‘आपलंच’ म्हटल्यावर पगार किती, हे कुठल्या तोंडानं विचारायचं? पहिल्या महिन्याला त्यानं पाकीट खिशात कोंबलं. समोर मोजणं बरं दिसेना, म्हणून घरी येऊन न्हाणीघरात कडी लावून मोजलं. 18 हजार. पुढं 2021 मध्ये त्याचे 22 झाले. तेही माझ्या मागण्यानं नव्हे; त्या महिन्यात त्याला मुलगी झाली, त्या आनंदात.

खरी अडचण सर्वनामाची आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी त्याला ‘मालक, तुम्ही’ म्हणतो, कारण पोरं ऐकत असतात. सहानंतर ‘लगा, तू’. पगारवाढ कुठल्या वेळेत मागायची? ‘मालक, तुम्ही माझा पगार वाढवा’ म्हटलं की मी दारात लाल झेंडा घेऊन उभा असल्यासारखं वाटतं. ‘लगा, पगार वाढव की’ म्हटलं की उसने मागितल्यासारखं. पाच ते सहाच्या मधे कुठंतरी बसवावं म्हटलं, तर तेव्हा नेमकी गोकुळ शिरगावच्या पार्टीची गाडी माल न्यायला दारात उभी असते.

आणि तो कंजूष असता तरी बरं झालं असतं. कंजूष माणसाशी भांडता येतं. हा गडी खिशात हात घालू देत नाही. मिसळ त्याची, चहा त्याचा, रविवारी तांबडा-पांढरा त्याच्या घरी. काकू वाटीत पांढरा रस्सा ओतत ‘घे रे, वाळलायस’ म्हणतात, तेव्हा ‘काकू, तुमच्या लेकामुळंच’ असं म्हणायचं अगदी ओठावर येतं, पण तोवर ओठावर रस्सा आलेला असतो. एकदा मी गुपचूप हिशेब केला. महिन्याला साधारण 1,800 रुपयांचं तो मला खाऊ घालतो. हे पगारात धरायचं का, यावर हिनं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 43 वर धोका पातळी. हे आकडे कोल्हापूरकराला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पाठ असतात. माझ्या रागाचंही मी तसंच मोजमाप ठेवतो. व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवरच्या ऑपरेटरनं ‘शिरोलीच्या एमआयडीसीतनं बोलावणं आलंय’ एवढंच म्हटलं आणि त्याचे 24 चे 27 झाले, ते पत्र मीच टाईप केलं, तेव्हा 39. दिवाळीला सगळ्या पोरांचा 8.33 टक्क्यांनी बोनस मीच काढला आणि स्वतःच्या नावापुढं काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाला, “तुला काय बोनस? तू घरचा.” घरच्याला काजूकतलीचा बॉक्स आणि शर्टपीस मिळालं. तेव्हा 43 च्या वर.

पण मग खरा पूर आठवायचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कुंभार गल्लीकडं आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. त्या पहाटे कुठूनशी होडी मिळवून आईला उचलून नेणारा हाच. दहा दिवस आम्ही चौघं त्याच्या वरच्या खोलीत. काकूंनी एकदाही ‘कधी ओसरणार’ असं विचारलं नाही. आता ज्यानं आईला होडीत बसवलं, त्याला महागाई भत्ता कसा मागायचा? पाणी लगेच 30 फुटांवर.

तरी प्रयत्न केले. एकदा गंगावेशीत दूध कट्ट्यावर गाठलं. समोर म्हशीची धार काढून ग्लास हातात, थंडीची रात्र, त्याचा मूड चांगला. म्हटलं, “एक बोलायचं होतं.” तो वळला. त्याच्या मिशीवर बोटभर फेस. मिशीवर फेस असलेल्या माणसाशी पगाराबद्दल बोलता येत नाही, हे करून बघितल्याशिवाय पटणार नाही. त्यानं “बोल की” म्हटलं आणि मी म्हटलं, “अजून एक ग्लास सांगू?” त्याचेही पैसे त्यानंच दिले.

दुसऱ्यांदा रंकाळ्यावर. आजी सांगायची, तिथला नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो. तो पाण्याला टेकला की जगबुडी. लहानपणी मला त्या नंदीची भीती वाटायची, आता सहानुभूती वाटते. त्या संध्याकाळी मी ‘महागाई लई वाढली’ इथपर्यंत, म्हणजे बरोबर गव्हाभर, पुढं गेलो. तो म्हणाला, “सांगू नको. मशिनचा हप्ता, लाइट बिल, त्यात पार्टी नव्वद दिवसांनी पैसे देती.” मी म्हटलं, “व्हय, तुझंच अवघड हाय.” आणि तांदळाभर मागं आलो.

गंमत अशी की दुसऱ्यासाठी पैसे मागण्यात माझा हात धरणारा उद्यमनगरात सापडायचा नाही. दर एप्रिलला पार्ट्यांना दरवाढीचं पत्र मीच लिहितो. सायकल टाइम (म्हणजे एका नगाला लागणारा वेळ), मशीनचा तासाचा दर, इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) झीज, रिजेक्शन, वर नफा, सगळं पैशापर्यंत मांडून शेवटी ‘आपले सहकार्य अपेक्षित’. परचेसवाले फोनवर आरडाओरडा करतात, मी शांतपणे ‘साहेब, परवडत नाही’ म्हणतो आणि सातातले पाच तरी कबूल होतात. यंदा सहावं पत्र प्रिंटरमधून निघत असताना वाटलं, सातवं माझं का नको?

त्याच लेटरहेडवर काढलं. ‘प्रति, मालक. विषय : दरवाढीबाबत. महोदय, 2021 पासून आमच्या दरात कोणतीही सुधारणा झालेली नाही. दरम्यान कच्च्या मालाच्या (ज्वारी, तेल, मुलाची फी) किमतीत भरीव वाढ झाली आहे. सायकल टाइम : ठरल्याप्रमाणे 8 तास, प्रत्यक्षात 10. रिजेक्शन : वर्षात दोन दिवस ताप. सुधारित दर : दरमहा 32,000. आपले सहकार्य अपेक्षित.’ टपालाच्या गठ्ठ्यात मधोमध घातलं आणि बाहेर जाऊन उगाच बरींचा, म्हणजे मशिनखालच्या लोखंडी किसाचा, डबा हलवत उभा राहिलो.

दहा मिनिटांनी हाक आली. “आत ये.”

चष्मा लावला होता. तो चष्मा तो फक्त पार्टीच्या पत्रांना लावतो. हातात लाल पेन्सिल होती, भंगारवाल्यापासून टूलवाल्यापर्यंत सगळ्यांचे दर तोडणारी.

“32? एकदम 10 हजार? भंगारवाला पण एवढं वाढवत न्हाई लगा.”

“2021 पासून वाढ न्हाई.”

“मागितलीस कधी?”

“दिलीस कधी?”

दोघंही गप्प. बाहेर कॉम्प्रेसरनं तेवढ्यात सुस्कारा सोडला.

“मला वाटायचं,” तो पेन्सिल टेबलावर आपटत म्हणाला, “मी आपणहून वाढवले तर तू म्हणशील, मालकी दाखवालाय. आणि तू तर काय मागंनास. म्हटलं, गड्याचं बरं चाललं असंल.”

“चार वर्षं असंच वाटत होतं?”

“पहिलं वर्षभर वाटलं.” त्यानं चष्मा काढून पुसला. “नंतर स्वस्तात पडालाईस म्हणून गप बसलो.”

मित्र म्हणून मला त्याचा राग यायला हवा होता. पण कोटेशन करणारा माणूस म्हणून मी जागच्या जागी मान डोलावली. मीही तेच केलं असतं. मग आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट, मन लावून घासाघीस केली. तो 26 म्हणाला. मी ऑपरेटरचं पत्र काढून दाखवलं. त्यानं रविवारचा रस्सा काढला. मी ‘ती सॅम्पल म्हणून धरा, बिलात नको’ म्हटलं. होडी त्यानं काढली नाही. काढली असती तर मी 22 वर सही करून उठलो असतो, आणि हे त्यालाही माहीत होतं.

28,500 वर पेन्सिल थांबली.

“जीएसटी धरून का सोडून?” त्यानं विचारलं आणि आम्ही इतके हसलो की लेथवरचं पोरगं दारातून डोकावून गेलं. त्याच्यासाठी मी लगेच ‘ठीक आहे मालक, येतो’ म्हणून उठलो.

“थांब,” मालक म्हणाले. “ही गोकुळ शिरगावची पार्टी. हिला अजून पाठवलं न्हाईस न्हवं? दीड टक्का वाढवून लाव.”

“का? परवाच काढलंय की आपण कॉस्टिंग.”

“खर्च वाढला न्हवं आत्ता.”

पोरं सहाला गेली. मी परत कॉम्प्युटर लावला, सगळं कॉस्टिंग नव्यानं मांडलं आणि पत्रात लिहिलं, ‘कुशल मनुष्यबळाच्या वाढत्या खर्चामुळे’. ‘कुशल’ शब्द ठेवावा की नाही यात बराच वेळ गेला. ठेवला. शटर ओढलं तेव्हा साडेआठ वाजले होते. ओव्हरटाइमचं विचारायचं राहूनच गेलं.