विकायला काहीच नसलेलं टेबल

आज संध्याकाळी वाचनालयात पुस्तक बदलायला गेले, तर दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं : "शनिवारचे कर्ज-सल्ला टेबल पुढील सूचनेपर्यंत बंद." शेजारीच भला मोठा फ्लेक्स. त्याच शनिवारी, त्याच खोलीत, 'आर्थिक स्वातंत्र्य' या विषयावर सेमिनार. प्रवेश मोफत, चहा-नाश्त्याची सोय. फोटोतल्या वक्त्याच्या अंगात कोट. सांगलीत. मे महिन्यात.

कार्यवाहांना विचारलं तर म्हणाले, "ते लोक भाडं देतात ओ ताई. आणि खरं सांगू का, या टेबलाकडं येणारी माणसं तास-तास पायरीवर बसून राहतात, जरा बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही म्हणे! घरी येऊन चहा टाकला, तो गार झाला, आणि मी हे टाइप करत बसलेय. लांबणार आहे. घाई असेल त्यांनी पुढं सरका.

ज्यांना हे टेबल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बँकेतून निवृत्त झालेले दोन काका आणि एक वकील मॅडम शनिवारी संध्याकाळी तिथं बसतात. कर्जात अडकलेला कुणीही यावं, कागद दाखवावेत, पुढं काय करायचं ते विचारावं. एक रुपया घेत नाहीत. कर्ज मिळवून देत नाहीत, पॉलिसी विकत नाहीत, फंड सुचवत नाहीत. बस्स, एवढंच. आणि एवढं करणारी दुसरी जागा मला तरी शहरात सापडलेली नाही.

माझ्या वडिलांना डबा देणाऱ्या वहिनींना मीच तिथं घेऊन गेले होते. त्यांचे मालक गेले तेव्हापासून त्या डबा द्यायला आल्या की फोन वाजायचा आणि त्या तो पदराखाली दाबून धरायच्या. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की फायनान्स कंपन्या बायकांचे गट करून कर्ज देतात तशा चार गटांचे आठवड्याचे हप्ते, एक सोनेतारण, एक मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज, आणि गल्लीतल्या एकाकडून शेकडा दहाने घेतलेले वीस हजार. चारपैकी एक गट तर नणंदेसाठी स्वतःच्या नावावर घेतलेला, आणि नणंद आता फोन उचलत नाही.

साडीच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी सगळं टेबलावर ओतलं. हप्त्यांची कार्डं, घडी पडून फाटायला आलेल्या पावत्या, दोन पासबुकं. काकांनी एक शब्द सुनावला नाही. वहीचं पान आडवं धरलं, रेघा मारल्या : कुणाचं, किती उरलं, व्याज काय, हप्ता कधी. मग विचारलं, "यातलं आधी कुणाला देता?" वहिनी म्हणाल्या, "जो दारात येऊन जास्त ओरडतो त्याला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण सगळे तेच करतात! ओरडणाऱ्याला आधी, महागड्याला नंतर, आणि सोनं मुकाट्याने लिलावाकडं सरकत राहतं. ज्यांच्यामागं कुणी कधी ओरडत आलेलं नाही ते मग ग्रुपवर लिहितात, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." अहो, अंथरूणच गहाण पडलंय. पाय कुठं पसरता?

त्या शेकडा दहाचंच बघा. महिन्याला दहा टक्के, म्हणजे वीस हजारांवर दर महिन्याला दोन हजार, नुसतं व्याज. मुद्दल जागच्या जागी. वहिनी वर्षाहून जास्त काळ ते भरत होत्या, म्हणजे घेतले त्याहून जास्त देऊन झाले होते. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिलं तर परवानाधारक सावकारालाही वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. वीस हजारांवर महिन्याचे होतात तीनशे. दोन हजार कुठं, तीनशे कुठं! आणि या माणसाकडं तर परवानाच नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं करायची. वकील मॅडमनी हे सगळं समजावलं. वहिनी म्हणाल्या, "नको ओ मॅडम, मला त्याच गल्लीत राहायचंय."

यावर मॅडम चिडल्या नाहीत. मी असते तर चिडले असते. त्यांनी वहिनींच्या भावाला बोलावून घेतलं, काका त्याच्याबरोबर त्या माणसाकडं जाऊन आले, कायद्याचं नाव फक्त एकदा काढलं. तो मुद्दल तेवढं घ्यायला तयार झाला, तोंड वाकडं करून का होईना.

यूट्यूबवर सगळी माहिती आहे म्हणणाऱ्यांनो, यूट्यूब तुमच्याबरोबर त्या गल्लीत येणार आहे का?

नियम तर ढीगभर आहेत. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. गटाच्या कर्जाला तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढीच मुभा. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जात असतील तर गटाचं नवं कर्ज द्यायचंच नाही, हेही २०२२ पासून लिहिलेलं आहे. ॲपवाल्याने तुमच्या फोनमधले नंबर उपसायचे नाहीत. वहिनींच्या ॲपवाल्याने त्यांच्या भाचीच्या सासरी फोन केला होता! रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करायला पैसे लागत नाहीत, १४४४८ वर फोन करून मराठीत विचारता येतं. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटही नाही, विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज केला की झालं. पण हे कुणाला माहीत? ज्याला माहीत असायला हवं तो संध्याकाळी फोन पदराखाली दाबून उभा असतो.

आणि ही कल्पना काही नवी नाही बरं का. बँक ऑफ इंडियाने मुंबईत 'अभय' नावाचं कर्ज समुपदेशन केंद्र काढलं होतं. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा केंद्रांची योजनाच आखली, नावात 'साक्षरता' आणि 'समुपदेशन' दोन्ही. २०१२ मध्ये नवीन नियम आले, नाव झालं वित्तीय साक्षरता केंद्र. समुपदेशन नावातून गेलं. कागदावर ते अजून आहे म्हणतात, असेलही. पण शिबिरात बॅनर लावून "बचत करा" सांगणं वेगळं आणि एका बाईची पिशवी टेबलावर ओतून घेणं वेगळं. पहिल्याचे फोटो चांगले येतात.

आता खरी गोष्ट. वहीचं पान भरून झाल्यावर काकांनी वहिनींच्या मालकांचं पासबुक सहज चाळायला घेतलं. एका ओळीवर बोट ठेवलं. मे महिना, वजा ४३६ रुपये. "हे काय कापलंय माहितीये का?" वहिनींना वाटलं, बँकेचा काहीतरी दंड. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना होती. वर्षाला ४३६ रुपये, माणूस कशानेही गेला तरी वारसाला दोन लाख. मालकांनी कधीतरी सही केलेली, घरात कुणाला सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर ते गेले आणि ते पासबुक लाकडी कपाटात कुलदेवतेच्या फोटोमागं पडून होतं.

वहिनी कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे असलं काही करतील असं वाटलं नव्हतं." रडल्या नाहीत, हसल्या थोड्या. मालकांबद्दल चांगलं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

शाखेत आधी "उशीर झाला" म्हणून परत पाठवलं. काकांनी अर्ज लिहून दिला, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद सगळं क्रमाने टाचून, आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही असं बजावून. पैसे आले. वेळ लागला, पण आले.

सगळ्यांच्या पासबुकात ४३६ सापडत नाहीत, मान्य. बहुतेकांच्या पिशवीतून फक्त कर्जच निघतं.

पण पुढचं ऐका, मगाशी शांत झालेलं माझं डोकं इथं परत फिरतं. पैसे जमा झाले त्याच आठवड्यात वहिनींना शाखेतून फोन. मुलीच्या लग्नासाठी छान योजना आहे, वर्षाला फक्त पंचवीस हजार भरायचे. फक्त! डबे करणाऱ्या बाईने! खुर्चीत बसवून पाणी दिलं म्हणे. इतक्या वर्षांत त्या बँकेत त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. फॉर्म भरूनही झाला होता, सही तेवढी बाकी, आणि वहिनी म्हणाल्या, "शनिवारी काकांना विचारून सांगते."

मला एवढंच म्हणायचंय. ज्याला काही विकायचं नाही असं एक माणूस लागतं, ज्याच्या नावावर "विचारून सांगते" म्हणता येतं. तुमच्या-माझ्याकडं असतं असं कुणीतरी, सीए असलेला चुलतभाऊ नाहीतर बँकेतली मैत्रीण. वहिनींकडं नव्हतं. आणि आपण ती खोली कुणाला दिली, तर कोटवाल्याला, जो दोन तास स्वातंत्र्यावर बोलून शेवटी फॉर्मच वाटणार आहे.

काही जण टेबलाकडं नवं कर्ज काढून द्या म्हणायलाच येतात, हे खरं. काही सल्ला ऐकतात आणि जाताना दुसऱ्या गटात सही करतात, हेही खरं. डॉक्टरकडं जाणारे सगळे पथ्य पाळतात का? वाचनालयाला भाडं लागतं, वीजबिल वाढलंय, तेही समजतं मला. मग वर्गणी वाढवा. मी देईन. तुम्हीही द्याल, मला माहितीये.

वहिनींनी सावकाराचं मुद्दल फेडलं, सोनं सोडवलं. दोन गट अजून चालू आहेत. नणंदेचा विषय काढायचा नाही.

सभासद असाल तर मंगळवारी सात वाजता कमिटीची बैठक आहे, या. आणि कुणाचा गाळा किंवा ओसरी शनिवारी पाच ते आठ रिकामी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. एक टेबल, चार खुर्च्या, पंखा आणि जवळपास झेरॉक्सचं दुकान एवढंच लागतं. बँकेतून निवृत्त झालेलं ओळखीचं कुणी घरी बसून कंटाळलं असेल तर त्यांना ही पोस्ट दाखवा. कमेंटमध्ये आपापल्या एसआयपीच्या लिंका टाकू नका, उडवीन.