माइकवर बोलणारी आणि इतिवृत्त लिहिणारा, दोघांना एका वर्गात बसवा

पर्यावरण न्याय, म्हणजे प्रदूषणाची झळ कुणाला बसते आणि का, या विषयात मराठीतून पदव्युत्तर अभ्यासक्रम हवा, आणि तो कार्यकर्ते व सरकारी कर्मचारी या दोघांसाठी एकत्र हवा, हे मी भेटेल त्याला सांगत असते. परवा पुन्हा एकानं विचारलं, "रस्त्यावर उतरणाऱ्यांना एमए कशाला?" म्हणून आज सविस्तर लिहिते.

कोकणातल्या एका जनसुनावणीचं, म्हणजे प्रकल्पाच्या मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायच्या सभेचं सांगते, गावाचं आणि प्रकल्पाचं नाव मुद्दाम टाळून. मांडव, पंखे, मंचावर साहेब, कडेला पोलिसांची रांग. पर्यावरणीय परिणामांचा मूळ अहवाल इंग्रजीत, चांगला जाडजूड, जिल्ह्याच्या ठिकाणी. गावात फक्त मराठी सारांशाच्या झेरॉक्स. एक मच्छीमार काकू माइकवर आल्या. खाडीच्या पाण्याला कोणत्या महिन्यात वास मारतो, ओहोटीला कोणत्या बाजूला मेलेली मासळी लागते, कालवं काढायला बायकांना आता कुठवर जावं लागतं, हे सगळं त्यांनी न अडखळता, क्रमानं सांगितलं. एखाद्या संशोधकानं वर्षभर नोंदी ठेवल्या तर जेवढं हाती लागेल, तेवढं त्या बोलल्या. इतिवृत्तात काय आलं? 'ग्रामस्थांनी पाण्याच्या प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली.' एवढंच.

लिहिणारा मुलगा तरुण होता, वाईट तर मुळीच नव्हता. नंतर टपरीवर चहा पिताना म्हणाला, "ताई, यातलं काय टिपायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आधीच्या फायलीत जसं होतं तसं लिहिलं." आणि काकूंना तरी कुणी सांगितलं होतं? पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीबद्दलच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा तिथेच, लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचा असतो. त्यात आपलं म्हणणं आलं नसेल तर त्याच मांडवात उभं राहून हरकत घ्यायची असते. हे ठाऊक असणारी चार माणसं जरी त्या गावात असती, तरी ती ओळ तशी राहिली नसती.

कारण पुढे दिल्ली-मुंबईच्या टेबलांवर काकू जात नाहीत, ती ओळ जाते. मंजुरी मिळाली की हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठात, अपील करायला 30 दिवस. सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यानंतर दार बंद. गावात मंजुरीची बातमी पोचून, वर्गणी जमवून, वकील गाठेपर्यंत यातले किती दिवस उरतात, ते या कामात असलेल्या कुणालाही विचारा.

पर्यावरण आपल्याकडे शिकवत नाहीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच ते शिक्षणात आणायला सांगितलं, आणि आता पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पेपर असतो. पण त्यात ओझोनचा थर असतो, अन्नसाखळी असते. धूर कुणाच्या खिडकीत जातो आणि तो तिकडेच का जातो, हा प्रश्न नसतो. मुंबईत तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या पाडून माणसांना माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी घरं दिली. कागदावर ते पुनर्वसनच होतं. लोक आजारी पडले, आंदोलनाला बसले, आणि 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की यांना दुसरीकडे हलवा, नाहीतर महिना 15,000 रुपये भाडं द्या. घरवाटपाच्या त्या फायलीवर सह्या करणारी माणसं शिकलेलीच होती ना?

जगभर या विषयाचा इतिहास अमेरिकेतल्या वॉरेन काउंटीपासून सांगतात. 1982 मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत विषारी माती आणून पुरायचं ठरलं आणि लोक ट्रकांपुढे आडवे झाले. ते शिकवाच. पण आपल्या मुलांना आधी 1921 चा मुळशी सत्याग्रह शिकवा, धरणाखाली जमीन जाणारे मावळे आणि सेनापती बापट. आणि 20 मार्च 1927 चा महाड शिकवा. तळं सार्वजनिक, पाणी सगळ्यांचं, आणि तरी ओंजळ भरायला बाबासाहेबांना हजारोंना घेऊन जावं लागलं. आपल्याकडे पाणी, हवा, कचरा यांचा हिशेब जातीला वगळून मांडताच येत नाही, आणि जो अभ्यासक्रम तो तसा मांडेल तो मला नको आहे.

"पण लोक लढता लढता शिकतातच की," असंही म्हणतात. शिकतात, मान्य. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं तर अभ्यास गट ही आपली पद्धतच करून टाकली. आधी अभ्यास, मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या मागे ही अनेक वर्षांची बैठक आहे. पण प्रत्येक गावाला एवढी वर्षं मिळत नाहीत. आणि गाव शिकलं तरी समोरचा वनपाल, तलाठी, ग्रामसेवक तिथंच राहिला तर घोडं अडतं. वनहक्काच्या नियमांत, 13व्या नियमात, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवलेला जबाब हा पुरावा धरलाय. तरी "कागद आणा" म्हणून दावे परत येतात. प्रत्येक वेळी त्यात कुणाचा डाव असतो असं नाही, पुष्कळदा साधं अज्ञान असतं. एक दिवसाच्या प्रशिक्षणात पीपीटी आणि जेवण होतं, हे अज्ञान जात नाही.

सरकारी माणसाची अडचण मला चांगली कळते. वर्तणूक नियम आहेत, बदलीची भीती आहे, चारचौघांत शंका काढायची सोय नाही. विद्यापीठाचा वर्ग ही जागा त्याला देऊ शकतो. तिथे कोलाम आदिवासींच्या पाड्यावरची कार्यकर्ती आणि तो एकाच बाकावर बसून खरा अहवाल वाचतील, पाण्याच्या तपासणीतला बीओडी-सीओडी, म्हणजे पाणी किती घाण आहे ते सांगणारे आकडे, समजून घेतील, निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) आणि सातबारा शेजारी ठेवतील, माहिती अधिकाराचा अर्ज एकानं लिहावा आणि दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यावं.

माझ्या अटी मात्र आहेत. शिकवणं मराठीत, आणि गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्यांना आपल्या भाषेत मांडायची मुभा. वर्ग शनिवार-रविवार, सुगीच्या दिवसांत सुट्टी. फी ग्रामीण कार्यकर्त्याच्या मानधनात बसेल इतकी. पदवी नसली तरी कामाचा अनुभव प्रवेशाला ग्राह्य. नाशिकचं मुक्त विद्यापीठ नोकरी करता करता शिकणाऱ्यांनाही सामावून घेतं, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. सुरुवात तिथून होऊ शकते. कर्मचाऱ्यांना अभ्यासासाठी पगारी रजा द्यावी, सेवापुस्तकात नोंद व्हावी.

आणि प्रबंध नुसता ग्रंथालयात जमा करून चालणार नाही. ज्या गावावर लिहिला त्या गावच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवायचा, लोकांच्या हरकती शेवटी जोडायच्या, आणि गुणांचा काही वाटा त्या ग्रामसभेच्या हाती ठेवायचा. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर असलेलं कुणी हे वाचत असेल तर मला जरूर कळवा, मसुदा लिहायला मी आणि माझ्यासोबतचे बरेच जण बसायला तयार आहोत.