‘फुग्यातल्या गॅसचे पैसे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की इजिप्तमधल्या दाहाबच्या ट्रिपला 40 मीटरच्या डाइव्हसाठी आम्ही श्वासाच्या हवेत हेलियम मिसळण्याची सक्ती केली, ‘फुग्यातल्या गॅसचे’ वेगळे पैसे लावले, अख्खं जग तिथवर साध्या हवेवर जातं, आणि मराठवाड्यात विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी समुद्राचं शहाणपण सांगू नये.

पैशाचं आधी. चूक आमची. हेलियमचा खर्च वेगळा पडेल हे संभाजीनगरहून निघायच्या आधी लेखी द्यायला हवं होतं. आम्ही सांगितलं ते डाइव्हच्या आदल्या रात्री, जेवणाच्या टेबलावर. परमुलखात माणूस तेव्हा नाही तरी कसं म्हणणार? 12-12 लिटरचे जोड सिलिंडर 200 बारला भरले की 4800 लिटर गॅस होतो. त्यातला पाव हिस्सा हेलियम, म्हणजे 1200 लिटर, आणि तिथे दर लिटरवर लावतात. आकडा लहान नव्हता. हेलियमची ती रक्कम पूर्ण परत करतोय.

30 मीटरच्या खाली हेलियम, हा नियम मात्र तसाच राहील.

जग हवेवर जातं हे खरं आहे. 40 मीटरपर्यंत हौशी डायव्हरला तशी मुभा असते, आणि बहुतेक जण सुखरूप वरही येतात. पण आपल्याकडे विहीर परसांत मोजतात, त्या हिशेबाने 40 मीटर म्हणजे बावीस परस. तिथे दाब पाचपट, म्हणून श्वासातली हवाही पाचपट दाट. वर लिटरमागे 1.3 ग्रॅम भरणारी हवा तिथे 6.4 ग्रॅम भरते. डायव्हिंगचे संशोधक गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी 2016 मध्ये सुचवलेली मर्यादा आहे शक्यतो 5.2, आणि काही झालं तरी 6.2 च्या आत. हवेवर यातली पहिली 31 मीटरच्या आसपास संपते, दुसरी 39 च्या. त्यांचा आधार रीब्रीदरच्या, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून परत देणाऱ्या उपकरणाच्या, चाचण्यांचा होता हे मान्य, पण श्वास ओढणारी छाती तीच ना.

निवांत तरंगत राहिलात तर यातलं काहीच जाणवत नाही. प्रवाह लागला, जोरात पाय मारावे लागले, की एवढी दाट हवा आतबाहेर करणं छातीला झेपत नाही. कार्बन डायऑक्साइड साठतो, धाप लागते. धाप लागली म्हणून आणखी जोरात ओढावं, तर तो जोरही त्या दाट हवेतच खर्ची पडतो. शिवाय हाच साठलेला वायू नायट्रोजनची नशा, म्हणजे खोलवर नायट्रोजनने डोक्याला येणारी गुंगी, वाढवतो. मी स्वतः हवेवर 38 मीटरला खोली दाखवणारा गेज तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा आकडा डोक्यात शिरला नाही. जोडीदाराने हाताला धरून वर आणलं. वर आल्यावर मी त्याच्याशी भांडलो, कारण मला वाटत होतं की मी ठणठणीत होतो. दाहाबच्या ब्लू होल या समुद्रातल्या खोल विवराच्या कड्यावरच्या स्मृतिपाट्या तुम्हीही वाचल्यात. विवरातल्या साधारण 55 मीटरवरच्या खडकाच्या कमानीपर्यंत हवेवर गेलेलेही त्यांत आहेत.

नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, का नाही, हेही तुम्ही विचारलंय. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड, म्हणजे दाटपणा कमी व्हायचा सोडून किंचित वाढतोच. शिवाय 32 टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर 34 मीटरलाच ऑक्सिजनच्या दाबाची 1.4 बारची सुरक्षित सीमा येते. हेलियम मात्र खूप हलका. तुम्हाला दिलेलं 25/25, म्हणजे पाव ऑक्सिजन, पाव हेलियम, उरलेला नायट्रोजन, 40 मीटरला लिटरमागे 5.1 ग्रॅम भरतं, आणि नशा हवेवर 28 मीटरला असते तेवढीच. ‘हेलियम हा 60 मीटरच्या पुढचा गॅस’ हे तुमचं वाक्य मीही शिकताना पाठ केलं होतं. तुमच्याकडे हेलियम मिश्रणाचं सर्टिफिकेट होतं म्हणून दिलं, नसतं तर 30 लाच थांबवलं असतं.

वर यायला वेळ लागला ही तक्रारही खरी. हेलियमने डीकॉम्प्रेशन, म्हणजे वर येताना थांबत थांबत येणं, कमी होत नाही, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर थांबे वाढवूनच देतो. कमी होतं असं कोणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते चूक, आमच्यापैकी कोणी असला तरी.

फुग्याचं म्हणाल, तर फुगेवाल्याचा सिलिंडर आम्ही शिवतही नाही. त्याच्या शुद्धतेची हमी नसते. आपल्या जत्रांतल्या फुग्यांत तर अनेकदा हायड्रोजन असायचा.

आणि विहिरीत शिकलो हे खरंय. पाठीला डबा बांधून, काकाने वरून ढकलल्यावर.

पुढच्या ट्रिपच्या दरपत्रकात हेलियमचा लिटरचा दर पहिल्याच पानावर टाकलाय. तुमचा टॉर्च आमच्या बॅगेत आलाय, ऑफिसातून घेऊन जा, नाहीतर पत्ता कळवा, कुरिअर करतो.