बियाणं दळून खायची हौस

बेसबॉल संघवाल्यांनो, संघ नव्याने बांधताय ना? मग जुलैत चार सामने जिंकले की लगेच अंगात कसं येतं? द्या दोन होतकरू पोरं, आणा पस्तिशीचा पिचर (चेंडू फेकणारा) दोन महिन्यांपुरता! अरे, १९९० मध्ये बोस्टनने पिचर लॅरी अँडरसनच्या २२ इनिंग्जसाठी होतकरू जेफ बॅगवेल घालवला. बॅगवेल पुढे थेट दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये! २०१६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने पिचर जेम्स शील्ड्ससाठी १७ वर्षांचा फर्नांडो टाटिस ज्युनियर देऊन टाकला. त्या मोसमात शील्ड्सने शिकागोला काय दिलं? त्याच्या नावावर ४ विजय, १२ पराभव. टाटिसने २०२१ मध्ये सॅन डिएगोकडून ठोकले ४२ होमरन (आपल्या षटकारासारखे). आणि एवढं करून खेळाडूंची ही देवाणघेवाण करणारा जनरल मॅनेजर आम्हा चाहत्यांनाच सांगणार, 'जरा धीर धरा.' कुणी? आम्ही?